शपथेवर बसवलेलं हेड

सब्रीच्या जिभेला हाड नव्हतं, हे इझबेत शाहीन या खेड्यात सगळ्यांना ठाऊक होतं. पण त्याची जीभ घसरली की दर वेळी तोंडावर पडायची ती त्याची बायको, अवातिफ. चार वर्षांच्या संसारात त्यानं तिच्या तलाकाची शपथ दोनदा खाल्ली होती, म्हणजे शब्द खोटा ठरला तर बायकोला तलाक. एकदा शेजाऱ्याच्या म्हशीनं आपला बरसीमचा चारा खाल्ला की नाही यावरून, आणि एकदा चुलतभावाच्या लग्नात जेवायला थांबणार नाही यावरून. थांबला होता, दोनदा वाढून घेतलं होतं. दोन्ही वेळा मशिदीतल्या शेख मुतवल्लींनी त्याला तीन-तीन रोजे धरायला लावून प्रकरण मिटवलं. दुसऱ्या वेळी मात्र त्यांनी बजावलं होतं, "सब्री, तिसऱ्यांदा हे तोंड घेऊन माझ्याकडे येऊ नकोस. तिसऱ्यांदा मी रोजे सांगणार नाही. तलाक झाला असंच सांगेन."

तिसरी शपथ त्यानं गेल्या शनिवारी खाल्ली, आणि ती सासऱ्याच्या ओट्यावर बसून, सात-आठ माणसांसमोर.

सब्रीची गाडी म्हणजे पांढरी पेजो, मागं बाक टाकून सात उतारू बसवणारी. फायूमहून कैरोला दिवसातून दोन फेऱ्या. बॉनेटखाली पाणी आटलं तर तापमानाचा काटा लाल खुणेवर जातो, हे कोणत्याही ड्रायव्हरला कळतं. पण सब्रीनं नजर लागू नये म्हणून निळ्या डोळ्याचं चित्र नेमकं त्या काट्यावरच चिकटवलं होतं. काटा लाल झाला की पिवळा, हे त्या डोळ्याला दिसलं असेल तर असेल. वाळवंटातल्या रस्त्यावर इंजिन तापलं, सिलिंडरवरच्या जड झाकणाखालचं, म्हणजे हेडखालचं गॅसकेट जळालं आणि सात उतारू शिव्या देत दुसऱ्या गाडीत बसून गेले.

अवातिफचे वडील बयूमी, ज्यांना सगळे उस्ता म्हणजे मिस्त्री म्हणत, त्यांचं गॅरेज फायूमच्या वेशीवर, कालव्याच्या कडेला, घरालाच लागून. पेजोच्या इंजिनात त्यांचा हात धरणारं त्या भागात कोणी नव्हतं. पण लेकीनं हा जावई त्यांच्या मनाविरुद्ध आणला होता, आणि जावयालाही सासऱ्याच्या दारात गाडी नेणं म्हणजे नाक घासणं वाटायचं. म्हणून सब्रीनं हेड घरच्या घरी उतरवलं. शहरातून ते सपाट रंधून आणलं, नवं गॅसकेट आणलं, आणि शनिवारी सासुरवाडीला चहाला बसला असताना ही सगळी बहादुरी स्वतःच्या तोंडानं सांगून टाकली.

"म्हणजे हेड आता कुठं आहे?" बयूमींनी शांतपणे विचारलं.

"घरी."

"घरी कुठं?"

"जेवायच्या मेजावर."

ओट्यावरची माणसं हसली. बयूमी हसले नाहीत. "बरोबर आहे. ज्याला इंजिन चालवता येत नाही, त्यानं ते खावं. जावईबापू, कांदा चिरून घ्या वरून, चव येईल."

सब्रीच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. तो उठून उभा राहिला. "उस्ता, माझ्यावर तलाकाची शपथ आहे. येत्या शुक्रवारी दुपारच्या बांगेआधी ही गाडी, मी माझ्या हातानं बसवलेल्या हेडवर, स्वतःच्या इंजिनानं तुमच्या दाराशी येऊन उभी राहील. नाही राहिली तर तुमची लेक तुमच्या घरी."

अवातिफ तेव्हा दारातच होती, हातात चहाचं तबक. तिला भीती वाटली नाही. राग आला. तिनं बाहेर जाऊन सगळ्यांना चहा दिला. शेख मुतवल्लीही तिथंच होते. त्यांनी मान खाली घातली. नवऱ्यानं पेला घेतला, बापानं पेला घेतला, पण दोघांनी एकमेकांवरची नजर काढून तिच्याकडे बघितलं नाही. पैजेतल्या कोंबड्याकडेसुद्धा लोक एकदा बघतात, असं तिच्या मनात आलं.

पुढचे चार दिवस घराचं गॅरेज झालं. तिच्या आईनं लग्नात दिलेल्या कपडे धुवायच्या घंगाळात रॉकेल ओतून त्यानं बोल्ट भिजत घातले. हेड मेजावर, व्हॉल्व्ह भाकरीच्या टोपलीत, आणि जेवण जमिनीवर. गाडी दारासमोरच्या बोळात उभी होती. तिचा हँडब्रेक लग्नाच्याही आधीपासून मेलेला, त्यामुळे ती कायम गियरमध्ये टाकून चाकाखाली दगड लावलेली असायची.

सोमवारी अवातिफनं उघड्या इंजिनात डोकावून पाहिलं. या इंजिनात सिलिंडर म्हणजे चार सुटी नळकांडी. त्यांना लायनर म्हणतात. खाली ती पातळ कड्यांवर बसलेली असतात आणि वरून त्यांना हेड दाबून धरतं. हेड काढलं की त्यांना धरणारं कोणी उरत नाही. अशात इंजिन फिरलं, मग ते गियरमधली गाडी नुसती ढकलल्यानं का असेना, तर पिस्टन लायनरला वर ओढतो, खालची कडी सुटते, आणि मग भरलेलं पाणी थेट तेलात उतरतं. म्हणून बयूमींच्या गॅरेजात हेड निघालं की पहिलं काम म्हणजे बोल्टला जाड वायसर घालून चारही लायनर दाबून ठेवायचे. ते वायसर डब्यातून काढून देणं हे लहानपणी अवातिफचं काम होतं.

"लायनर दाबून ठेव," ती म्हणाली. "वायसर लाव."

"हे तुझ्या बापाचं गॅरेज नाही."

"इंजिन तर तेच आहे ना."

"अगं, इंजिन फिरलं तर लायनर उठणार. मी फिरवणारच नाही. मग तुझ्या बापाचे वायसर लावून काय पूजा करू त्यांची?" तो व्हॉल्व्ह घासत राहिला. "शहाणपणा शिकवायचा असेल तर त्याच्याकडे जा. शुक्रवारनंतर वेळच वेळ मिळेल तुला."

हे तो चेष्टेत म्हणाला. चेष्टा तिच्यापर्यंत पोचली नाही. ती आत गेली आणि पीठ मळायला बसली. तिनं ते पीठ गरजेपेक्षा बराच वेळ बडवलं.

गुरुवारी सकाळी सब्री तेल आणायला शहरात गेला. दुपारी हेड चढवायचं असा बेत होता. तो गेल्याला अर्धा तास झाला असेल, तेवढ्यात बोळात गाढवगाडीची घंटा वाजली. मग माणसांचं "हं, लाव जोर" ऐकू आलं, आणि त्यापाठोपाठ एक आवाज, जो अवातिफनं झोपेतही ओळखला असता. ओला, चोखल्यासारखा. चुक्. चुक्. चुक्.

ती हात न धुताच बाहेर धावली. गाडी हातभर नव्हे, चांगली तीन हात पुढं सरकली होती. मागून गाढवगाडीवाला रिझ्क घाम पुसत होता, आणि बॉनेटपाशी तिचे वडील उभे होते.

तिनं इंजिनावरचं गोणपाट उचललं. चारांतले दोन लायनर नखभर वर आले होते. बयूमींनी अंगठ्यानं एक दाबला, तो खाली गेला. दुसरा दाबला, तोही गेला. त्यांनी अंगठा सदऱ्याला पुसला. वरून बघणाऱ्याला आता काही दिसलं नसतं. पण एकदा सुटलेली कडी पुन्हा पाणी धरत नाही, हे तिथं उभ्या असलेल्या दोघांना चांगलं माहीत होतं.

"गाडी गियरमध्ये होती, बाबा."

"असणारच. हँडब्रेक नसलेली गाडी आणखी कशात असेल?"

"मग ढकललीत कशाला?"

"रिझ्कची गाडी दारापर्यंत यायला नको? तुझी पेटी काय मी डोक्यावरून नेऊ?"

"पेटी कोणी मागितली?"

"उद्या दुपारी न्यावीच लागेल. उद्या नेली तर अख्खा गाव बघेल. आज नेली तर फक्त रिझ्क बघेल, आणि तो कुणाला सांगत नाही." रिझ्कनं मान हलवली. तो सगळ्या गावाला सांगणार होता. "तुझी खोली झाडून ठेवलीय. खिडकीला नवी जाळी लावली. तुझी आई असती तर तिनंही हेच केलं असतं."

"तुम्ही मुद्दाम केलंत हे."

बयूमींनी नाही म्हटलं नाही. खोटं बोलायचा त्यांना आळस होता. "जो माणूस म्हशीवरून बायको सोडायला निघतो, त्याचं इंजिन मी सांभाळू? चाळीस वर्षं लोकांची इंजिनं वाचवली. एक नाही वाचवलं तर काय बिघडलं. आणि वायसर लावले असते तर मी काय, हत्तीनं ढकललं असतं तरी काही झालं नसतं. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?"

"मला विचारलंत तुम्ही?"

"आपल्या लेकीला घरी आणायला बापानं काय विचारायचं?"

"त्यानंही विचारलं नव्हतं."

"मग आता तू सांग त्याला," बयूमी म्हणाले. "सांग, तुझ्या बापानं ढकलली. तो आधी माझ्याशी मारामारी करायला येईल, त्यात संध्याकाळ जाईल. मग पिस्टन काढा, लायनर काढा, नव्या कड्या घाला. त्याच्या हातानं तीन दिवस. आणि नाही सांगितलंस तरी उद्या पाणी भरताना त्याला कळेलच, कितीही ओतलं तरी रेडिएटर भरणार नाही. उद्या बारा वाजता बांग आहे, पोरी. पेटी भर."

तिनं पेटी दिली नाही. रिझ्कची गाढवगाडी रिकामी परत गेली आणि बयूमी तिच्या मागून चालत गेले, सावकाश, जिंकलेल्या माणसाच्या चालीनं.

अवातिफ उंबऱ्यावर बसली. बापाचा डाव तिला कळला होता, पण त्यात एक गोष्ट बापाच्या लक्षात आली नव्हती. ती सात वर्षांची असताना बेनी सुएफचा एक ड्रायव्हर तेलात पाणी मिसळलेली पेजो घेऊन गॅरेजात आला होता; चांगली वीस किलोमीटर चालवत. इंजिन त्यानंतर मेलं ते मेलंच, पण आलं होतं. इझबेत शाहीनपासून बाबांच्या दारापर्यंत अंतर चार किलोमीटर. आणि पाणी कोण भरतं यावर सगळं होतं. सांगितलं तर इंजिन वाचेल आणि तिचं घर जाईल. नाही सांगितलं तर घर राहील आणि इंजिन जाईल. तिला स्वतःचंच आश्चर्य वाटलं, की यात तिला फार विचार करावा लागला नाही.

दुपारी सब्री आला. बॉनेट उघडताना तो थबकला. "दगड सरकलाय. कोणी गाडी हलवली का?"

"रिझ्कची गाढवगाडी आली होती."

"गाढव कुठलं," तो म्हणाला, आणि फडकं घेऊन कामाला लागला. त्यानं आणखी एकदा विचारलं असतं तर तिनं सांगितलं असतं. तेवढ्यासाठी ती थोडा वेळ तिथंच उभी राहिली.

त्याचं काम वाईट नव्हतं, हे मान्य करायला हवं. लायनरच्या कडांवरून त्यानं बोट फिरवलं. सगळे एका पातळीत वाटले. गॅसकेट अलगद ठेवलं, दोघांनी मिळून हेड उचलून वर बसवलं. मग तो मधल्या बोल्टपासून बाहेरच्या बाजूला, आलटूनपालटून, तीन वेळा आवळत गेला. किती आवळायचं ते आकडे ती सांगत होती, पाना तो फिरवत होता. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी दोघं असं एकत्र काम करायची, अंगणातली भिंत अशीच बांधली होती. तिला ते आठवलं आणि अधिकच संताप आला.

"उद्या तुझ्या बापाचं तोंड बघायचंय मला," शेवटचा बोल्ट आवळताना तो म्हणाला.

"आणि मी?"

"तू काय?"

"या सगळ्यात मी कोण आहे?"

सब्रीनं घाम पुसला. "अगं, रडू नकोस. गाडी जाणार म्हणजे जाणार."

"मी रडत नाहीये," ती म्हणाली, आणि ते खरं होतं.

शुक्रवारी सकाळी तिनंच सांगितलं, "तू अंघोळ करून घे, नमाजला जायचंय. पाणी मी भरते." सब्री खूश झाला, बायको शेवटी आपल्या बाजूला आली असं त्याला वाटलं. तिनं रेडिएटरमध्ये हंडी ओतली. पाणी वर आलं, मग हळूहळू खाली उतरलं. तिनं दुसरी ओतली. आत कुठंतरी थेंब थेंब आवाज येत होता. तो बाहेर आला तोवर तिनं नेहमीपेक्षा तीन हंड्या जास्त ओतल्या होत्या आणि पाणी तोंडापर्यंत होतं.

"भरलं?"

"भरलं. निघ लवकर."

चौथ्या फिरकीला इंजिन लागलं. पांढऱ्या धुराचा लोट बोळात पसरला. "नवं गॅसकेट आहे, सुरुवातीला धूर येतोच," सब्री म्हणाला. ती पुढच्या सीटवर बसली. कालव्याच्या कडेनं, खजुरीच्या रांगेजवळून गाडी चालली होती. तिसऱ्या किलोमीटरला इंजिनातून बारीक टकटक ऐकू यायला लागली. सब्रीनं त्यावर उपाय म्हणून कॅसेटचा आवाज वाढवला.

बाराला दहा मिनिटं असताना गाडी उस्ता बयूमींच्या दारात उभी राहिली. ओट्यावर तीच सात-आठ माणसं होती, नमाजला निघालेली, शेख मुतवल्ली त्यांच्यात. सब्रीनं हॉर्न वाजवला, पुन्हा वाजवला, आणि जरुरीपेक्षा जास्त वेळ वाजवत राहिला.

बयूमींच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. ते गाडीकडे बघत राहिले. मग त्यांनी लेकीकडे बघितलं, आणि तिनं नजर खाली घातली नाही.

"गाडी आली," शेख मुतवल्ली म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात सुटल्याचा आनंद होता. "बांगेआधी आली, स्वतःच्या इंजिनानं आली. शपथ फिटली. सब्री, आता उरलेलं आयुष्य तोंड मिटून काढ."

"मी म्हटलंच होतं," सब्री म्हणाला. "जेवायच्या मेजावरचं हेड. कांदा आणा आता, उस्ता."

त्याचं वाक्य संपायच्या आत इंजिन दोनदा खडखडलं, एकदा हिसका दिला आणि बंद पडलं. त्यानं चावी फिरवली. आतून लोखंडावर लोखंड घासल्याचा आवाज आला. बयूमी पुढं झाले, बॉनेट उघडलं, तेल बघायची पट्टी उपसून सगळ्यांसमोर धरली. तेल काळं नव्हतं. दुधाच्या चहासारखं दिसत होतं.

"पाणी," बयूमी म्हणाले. "लायनर सुटलेत. दाबून ठेवले नव्हते ना."

"लायनर सुटले हे तुम्हाला एवढ्यातच कसं कळलं?" सब्रीनं विचारलं.

ओट्यावरची माणसं बयूमींकडे बघायला लागली. रिझ्कची गोष्ट तिथल्या निम्म्या लोकांनी कालच ऐकली होती.

"काल सकाळी बाबांनी ढकलली," अवातिफ म्हणाली. "गियरमध्ये तू ठेवली होतीस. वायसर लाव म्हटलं तर लावले नाहीस. आणि पाणी मी भरलं. तीन हंड्या जास्त."

सब्रीला ते समजायला वेळ लागला. मग तो तिच्याकडे अनोळखी बाईकडे बघावं तसा बघायला लागला. "तुला माहीत होतं? कालपासून माहीत होतं? अगं, माझ्या पोटावर पाय दिलास तू. या गाडीवर घर चालतं माझं."

"चार वर्षांत तीनदा तू माझं घर पणाला लावलंस. मी तुझं इंजिन एकदा लावलं."

"पोरी, घरात चल," बयूमी हळू आवाजात म्हणाले. "लोक बघताहेत."

"शनिवारीही बघत होते, बाबा. तेव्हा तुम्ही कांद्याचं बोलत होतात." तिनं गाडीची चावी काढली, तिच्या जुडग्यातून घराची किल्ली सोडवून घेतली आणि बाकीचं जुडगं बॉनेटवर ठेवलं. "माझी खोली झाडून ठेवलीय ना? नवी जाळी लावलीय? मग ती यांना द्या. कड्या तुमच्याकडे, हात तुमचा, गाडी यांची. इंजिन चालायला लागेपर्यंत हे इथंच राहतील. आणि तुम्ही दोघांनी एकत्र जेवायचं. मेजावर हेड ठेवायचं की नाही ते तुमचं तुम्ही बघा."

"मी या माणसाच्या घरात एक रात्र राहणार नाही," सब्री म्हणाला. "माझ्यावर—"

"बोल," शेख मुतवल्ली म्हणाले. "पुढचा शब्द बोल."

सब्रीनं तोंड मिटलं. सुंभ जळालं तरी पीळ जळत नाही म्हणतात, पण त्या दिवशी पीळ थोडा तरी सैल झाला होता.

अवातिफ कालव्याच्या रस्त्यानं घराकडे निघाली. चार किलोमीटर चालायचे होते आणि ऊन चढलं होतं. मशिदीतून बांग सुरू झाली, ओट्यावरची माणसं उठून गेली. सब्री आणि बयूमी मात्र गेले नाहीत. तिच्या मागं बॉनेटचा दांडा लावल्याचा आवाज आला, मग शिव्या, दोन्ही बाजूंनी. आणि मग तिच्या बापाचा आवाज, जुना, गॅरेजातला, कुणालाही उद्देशून नसलेला.

"वायसर कुठं ठेवलेत?"

डब्याच्या कोणत्या कप्प्यात ते असतात हे जगात एकट्या तिलाच माहीत होतं. तिनं मागं वळून सांगितलं नाही.